तलावातील मासेमारीची शास्त्रीय नोंद आणि देखरेख : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर, रामटेक, पारशिवनी, उमरेड, कुही, भिवापूर या भागातील तलाव आणि लहान जलाशयांवर मासेमारी करणाऱ्या सहकारी संस्था, त्यांचे सचिव, नोंदणी करणारी तरुण मुले आणि ग्रामसभेतील पाणी-जंगल समित्या यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे आहेत.

मासेमारीची शास्त्रीय देखरेख ही समुद्राची गोष्ट ना? नागपूरला तिचा काय उपयोग?

पद्धत किनाऱ्यावर जास्त रुजली, हे खरे आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था कितीतरी दशके बंदराबंदरावर ठरावीक दिवशी माणूस पाठवून उतरणारी मासळी मोजते आणि त्यावरून राज्याचा आकडा काढते. किनाऱ्याजवळच्या लहान मासेमारीचे आणि आपल्या तलावांचे प्रश्न मात्र सारखेच आहेत : होड्या लहान, जाळी अनेक प्रकारची, विक्री विखुरलेली आणि मासोळी पाण्याखाली न दिसणारी. फरक असलाच तर तो आपल्या बाजूचा आहे. तलावाला काठ असतो, मासेमारी करणारी माणसे ओळखीची असतात आणि कतला, रोहू, मृगळ यांचे बीज किती सोडले हे आपल्याला माहीत असते. समुद्रावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञाला यातले एकही सुख मिळत नाही. म्हणून चांगली नोंद ठेवायला मामा तलावासारखी, म्हणजे माजी मालगुजारी तलावासारखी, दुसरी सोयीची जागा नाही.

संस्थेच्या विक्रीवहीत किलो लिहिलेलेच असतात. मग वेगळी नोंद कशासाठी?

विक्रीवही पैशासाठी असते. तिच्यात विकली गेलेली मासोळी येते, पकडलेली सगळी येत नाही. घरी खायला नेलेली, काठावरच दिलेली, बायांनी आठवडी बाजारात टोपलीने विकलेली मासोळी आणि झिंगे तिच्यात नसतात. त्याहून मोठी उणीव म्हणजे तिच्यात कष्ट लिहिलेले नसतात. यंदा मागच्या वर्षीइतकीच ४० क्विंटल मासोळी निघाली, पण त्यासाठी दुप्पट जाळी टाकावी लागली, तर तलाव खालावलेला असतो आणि विक्रीवही ते सांगत नाही. हाती काहीच न लागलेला दिवसही त्या वहीत येत नाही. नोंदवहीत तो दिवस ‘शून्य’ म्हणून यायलाच हवा. शून्य गाळले की सरासरी फुगते आणि तलाव आहे त्यापेक्षा भरलेला दिसतो.

मग रोज मोजायचे का?

जमले तर उत्तम. पण रोजचा आग्रह धरला की दुसऱ्या महिन्यात वही बंद पडते. महिन्यातून सहा दिवस नीट मोजणे हे तीस दिवस अंदाजाने लिहिण्यापेक्षा चांगले. महिन्याचे दहा-दहा दिवसांचे तीन भाग करा आणि प्रत्येक भागातून चिठ्ठ्या टाकून दोन दिवस काढा. सोयीचे दिवस निवडू नका. बाजाराच्या आदल्या रात्री जास्त जाळी पडतात. तेच दिवस मोजले तर महिन्याचा आकडा वाढलेलाच निघणार. याशिवाय मासेमारी एकूण किती दिवस झाली, एवढे तरी रोज लिहायचे. कॅलेंडरवर खूण केली तरी पुरते.

हिशेब असा. समजा सहा मोजणीच्या दिवशी ८, ३१, २२, १५, ४० आणि १६ किलो निघाले. बेरीज १३२, सरासरी २२ किलो. महिन्यात मासेमारी २४ दिवस झाली असेल तर महिन्याचा अंदाज ५२८ किलो. पण हा आकडा काळ्या दगडावरची रेघ समजू नका. दिवसागणिक चढउतार इतका मोठा आहे की ९५ टक्के खात्रीने बोलायचे तर खरा आकडा साधारण २७० ते ७८५ किलोच्या मध्ये कुठेही असू शकतो. चढउतार असाच राहिला आणि सहाऐवजी बारा दिवस मोजले, तर ही तफावत दोन्ही बाजूंनी निम्म्यावर, म्हणजे सुमारे १२५ किलोवर येते. कोणी तुम्हाला ‘मागच्या महिन्यापेक्षा १० टक्के घट’ असे सहा दिवसांच्या मोजणीवरून सांगत असेल, तर तो फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो.

जाळ्यामागची पकड कशी काढायची?

आपल्याकडच्या उभ्या फाशाच्या जाळ्यासाठी सोपे माप आहे : १०० मीटर जाळे एक रात्र टाकले तर किती किलो. एका डोंग्यावरून ५० मीटरची पाच जाळी, म्हणजे २५० मीटर जाळे पडले आणि सकाळी १० किलो निघाले, तर पकड १०० मीटरमागे ४ किलो. महिन्याचे काढताना सगळ्यांची मासोळी एकत्र करून तिला सगळ्यांच्या जाळ्याच्या एकूण लांबीने भागायचे. प्रत्येक डोंग्याचा वेगळा भागाकार काढून त्याची सरासरी घेतली, तर एकच लहान जाळे टाकून नशिबाने भरपूर मिळालेला माणूस सगळा आकडा वर ओढतो.

फेकजाळ्यासाठी ‘एका माणसामागे एका तासात’ आणि ओढजाळ्यासाठी ‘एका ओढीमागे’ असे माप ठेवा. तिन्हींची बेरीज करू नका. त्यांची एकके वेगळी आहेत. वहीत तारीख, डोंगा, जाळ्याचा प्रकार, आस (म्हणजे जाळ्याच्या डोळ्याचे माप), एकूण लांबी, टाकल्याची आणि काढल्याची वेळ, जातीनुसार किलो, शक्य असल्यास नगही, आणि पाण्याची पातळी एवढे रकाने पुरतात. पंचवीस रकान्यांचा तक्ता कोणी पूर्ण भरत नाही.

एप्रिल-मे महिन्यात पकड वाढते. म्हणजे मासोळी वाढली का?

नाही. विदर्भात सर्वात जास्त फसवणारा आकडा हाच आहे. ऑक्टोबरमध्ये ६० हेक्टर पसरलेला तलाव मे महिन्यात १५ हेक्टरवर येतो. मासोळी तेवढीच किंवा कमी असते, पण चौपट दाटीने. जाळे कुठेही टाका, भरते. तलावात शेवटची मोठी मासोळी उरलेली असतानाही आकडा चांगला दिसतो आणि पुढच्या वर्षी अचानक कोसळतो. म्हणून या वर्षीचा मे मागच्या मेशी ताडून पाहायचा, ऑक्टोबरशी नाही. दोन्ही वेळी पाण्याची पातळी जवळपास सारखी होती का, हेही बघायचे. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, मोजपट्टी नसेल तर पायऱ्यांवर किंवा सांडव्याच्या भिंतीवर रंगाने दर २५ सेंटिमीटरला खुणा करा.

दुसरा सापळा जाळ्यातल्या बदलाचा. सुती किंवा जाड नायलॉनच्या जाळ्याऐवजी बारीक तंगुसाचे, म्हणजे एकेरी नायलॉन धाग्याचे, जाळे आले की ते पाण्यात कमी दिसते, जास्त पकडते आणि तलाव सुधारल्याचा भास होतो. नवे जाळे आले त्या दिवशी वहीत ठळक नोंद हवी. एक-दोन महिने जुने आणि नवे जाळे शेजारी शेजारी टाकून फरक मोजता आला तर मागचे सगळे आकडे वाया जात नाहीत.

जाळ्याचा आस कसा मोजायचा? प्रत्येक जण वेगळा सांगतो.

कारण कोणी गाठीपासून गाठीपर्यंत एक बाजू मोजतो, कोणी डोळा पूर्ण ताणून. ताणलेला आस बाजूच्या मापाच्या साधारण दुप्पट भरतो. त्यामुळे ‘चाळीसचे जाळे’ म्हणजे दोन गावांत दोन वेगळी जाळी असू शकतात. आपण सगळीकडे ताणलेलाच आस लिहायचा. जाळे ओले असताना सलग दहा डोळे ताणून पट्टीवर धरायचे आणि दहाने भागायचे. हे तीन ठिकाणी करा, कारण दुरुस्त केलेल्या भागात आस बदललेला असतो.

याचे महत्त्व असे की फाशाचे जाळे ठरावीक जाडीचीच मासोळी धरते. ६० मिलिमीटरचे जाळे एखाद्या जातीचा ३० सेंटिमीटरचा मासा सर्वात जास्त धरत असेल, तर त्याच जातीसाठी ८० चे जाळे ४० सेंटिमीटरच्या आसपास धरेल. बारीक मासा आरपार जातो, मोठा आदळून परत फिरतो. त्यामुळे गावातल्या सगळ्यांची जाळी एकाच आसाची असतील तर तलावात बाकी आकारांचे काय चालले आहे ते कळतच नाही. यावर उपाय म्हणजे चाचणीचे जाळे : ३०, ५०, ७०, ९० आणि १२० मिलिमीटर असे पाच आस, प्रत्येकी २५ मीटर, एकाला एक जोडलेले. महिन्यातून एकदा, त्याच जागी, तितक्याच तासांसाठी टाकायचे. ते धंद्याचे जाळे नाही. त्यात मिळालेली मासोळी संस्थेच्या नावे विका, पण मोजल्यावर.

मासा मोजायची योग्य रीत कोणती?

एक मीटर लांब फळी, एका टोकाला काटकोनात ठोकलेली लाकडी पट्टी, मधोमध चिकटवलेली मोजपट्टी. मासा उजव्या कुशीवर, तोंड मिटलेले आणि आडव्या पट्टीला टेकलेले. शेपटीची दोन्ही टोके हलके जवळ आणून सर्वात लांब टोकापर्यंत मोजा आणि खालच्या पूर्ण सेंटिमीटरवर आणा. ३४.८ असेल तरी ३४. कोणी शेपटीच्या खाचेपर्यंत मोजतात. तेही चालते, पण एका वहीत एकच रीत.

एका जातीचे ५० ते १०० मासे दर महिन्याला मोजले तरी बरेच कळते. मात्र निवडून नाही. डोंगा लागला की मोठे मासे आधी बाजूला काढले जातात आणि मोजणाऱ्याच्या वाट्याला उरलेले येतात. त्यामुळे वेगळे करण्याआधी एक पूर्ण टोपली घ्यायची आणि तिच्यातला शेवटचा मासा मोजेपर्यंत थांबायचे.

लांबी मोजली. वजन कशाला?

लांबी आणि वजन मिळून मासा खातापिता आहे का ते सांगतात. वजन ग्रॅममध्ये घ्या, १०० ने गुणा, आणि सेंटिमीटरमधल्या लांबीच्या घनाने भागा. ४० सेंटिमीटरचा रोहू ८०० ग्रॅम भरला तर ८०,००० भागिले ६४,००० म्हणजे १.२५. ४५ सेंटिमीटरचा कतला दीड किलो भरला तर सुमारे १.६५. कतला मुळातच आडवा-जाड असतो, म्हणून दोन जातींचे आकडे एकमेकांशी ताडायचे नाहीत. एकाच जातीचा, त्याच महिन्याचा आकडा वर्षानुवर्षे खाली येत असेल तर खाणे कमी पडते आहे : बीज जास्त सोडले, तिलापिया माजला किंवा पाणवनस्पती आणि त्यावरचे जीव नाहीसे झाले. डोके मोठे आणि अंग बारीक असा कतला दिसू लागला की आकडा काढण्याआधीच हे कळते. अंड्यांवर आलेल्या माद्या वेगळ्या लिहा, नाहीतर जूनचा आकडा उगाच चढतो.

थेट नागपूरच्या बाजारात जाऊन मोजले तर सोपे नाही का पडणार?

तिथे मोजू नका. मंगळवारीत किंवा भोईपुऱ्यात आंध्रातून बर्फात आलेला रोहू-कतला आणि आपल्या तलावातला मासा एकाच पाटीवर बसतो. शिवाय बाजारात आलेला मासा आधीच निवडलेला असतो. मोजणी पाळीवर, डोंगा लागतो तिथेच.

बीज सोडताना देखरेख कोणाची आणि नेमकी कशाची?

सर्वात जास्त पैसा आणि सर्वात जास्त गोंधळ याच एका दिवसात असतो, म्हणून इथे सविस्तर.

रोहू, कतला, मृगळ बंदिस्त तलावात सहसा प्रजनन करत नाहीत. त्यांना पावसाळ्यातले वाहते, चढते पाणी लागते. म्हणजे बहुतेक तलावांत पुढच्या दीड-दोन वर्षांची मोठी मासोळी आज सोडलेल्या बिजावरच अवलंबून आहे. पावतीवर ‘५०,००० बोटुकली’, म्हणजे बोटाएवढी वाढलेली पिले, असे लिहिलेले असते आणि पिशवीत बऱ्याचदा बोटुकली नसून लहान मत्स्यबीज असते. २५-३० मिलिमीटरचे बीज मरळ, शिवडा असे शिकारी मासे असलेल्या तलावात सोडणे म्हणजे त्यांचे जेवण वाढणे. ८० ते १०० मिलिमीटरची बोटुकली निम्म्या संख्येने घेतलेली परवडते.

संख्या मोजायची पद्धत : दहापैकी किमान एक पिशवी, तीही चिठ्ठी टाकून, वेगळी करा. ती बादलीतल्या हाप्यात, म्हणजे बारीक जाळीच्या पेटीत, रिकामी करा. लहान गाळणी किंवा छिद्रांची वाटी भरून तीन वेळा काढा आणि तिन्ही वेळा नग मोजा. सरासरी नग गुणिले एकूण वाट्या म्हणजे त्या पिशवीची संख्या. त्यातलेच ५० नग लांबीने मोजा. जाती वेगळ्या करून टक्केवारी लिहा, कारण कतला मागितला आणि मृगळ आला हे सहा महिन्यांनी कळून उपयोग नाही. थाई मागूर किंवा इतर परदेशी जात मिसळलेली नाही ना, हे याच वेळी बघायचे. थाई मागूर पाळण्यावर देशात २००० सालापासून बंदी आहे. तो एकदा तलावात गेला की बाहेर काढता येत नाही.

पिशवी उघडण्याआधी ती १५ ते २० मिनिटे तलावाच्या पाण्यावर तरंगत ठेवा, मग थोडे थोडे तलावाचे पाणी आत घ्या. नागपूरच्या उन्हात ट्रकमधल्या पिशवीचे पाणी आणि तलावाचे पाणी यांच्यात पाच-सहा अंशांचा फरक सहज पडतो. थेट ओतलेले बीज त्या क्षणी पोहताना दिसते आणि रात्रीत मरते. म्हणूनच शेवटची पायरी चुकवू नका : शंभर नग हाप्यात तलावातच २४ तास ठेवा आणि दुसऱ्या दिवशी जिवंत किती ते मोजा. ८० जगले तर ५०,००० ची खरी किंमत ४०,००० आहे. पंचनाम्यावर हाच आकडा लिहा आणि पुरवठादाराची सही दुसऱ्या दिवशी घ्या.

बीज जुलैमध्ये सोडावे की पावसानंतर?

जुलै-ऑगस्टमध्ये बीज भरपूर आणि स्वस्त मिळते, वाढीला वेळही मिळतो. पण तलाव भरून सांडवा वाहू लागला की लहान बीज पाण्याबरोबर ओढ्यात जाते. सांडव्याला बारीक जाळी लावली तर ती काडीकचऱ्याने तुंबते, पाणी पाळीवर चढते आणि पाळ फुटण्याचा धोका येतो. पाटबंधारे विभागाला किंवा जिल्हा परिषदेला न विचारता अशी जाळी लावूच नये. दरवर्षी सांडवा वाहणाऱ्या तलावात आमचा सल्ला असा : बीज जुलैमध्ये घ्या, शेजारच्या संगोपन तळ्यात किंवा पेन जाळीत, म्हणजे पाण्यातच जाळीने वेढलेल्या जागेत, वाढवा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सांडवा थांबल्यावर बोटुकली म्हणून सोडा. जो तलाव पाच वर्षांत एकदाच भरतो, तिथे एवढा खटाटोप नको.

सोडलेल्या बिजापैकी किती परत मिळाले, हे कळू शकते का?

काही बोटुकलींच्या पोटाजवळच्या जोडीतला एक पर मुळापासून कापून खूण करता येते. अर्धवट कापला तर पुन्हा उगवतो. २०,००० सोडले आणि त्यातले १,००० खुणेचे असतील तर प्रमाण ५ टक्के. पुढच्या हंगामात त्या आकाराचे ३,००० रोहू पाहिले आणि खुणेचे ६० मिळाले, म्हणजे २ टक्के, तर पकडीतले साधारण ४० टक्केच रोहू त्या बिजातले आहेत. बाकीचे आधीचे किंवा वरच्या तलावातून वाहत आलेले. खूण केलेली पिले थोडी जास्त मरतात, म्हणून हा आकडा खालची मर्यादा समजा.

तलावात एकूण किती मासोळी आहे, हे सांगता येईल?

लहान तलावात अंदाज काढता येतो. २०० रोहू पकडून खूण करून सोडा. आठवड्याभराने पुन्हा पकडा. समजा १५० मिळाले आणि त्यात ११ खुणेचे होते. २०१ गुणिले १५१, भागिले १२, वजा १ : उत्तर सुमारे २,५२८. हे उत्तर त्या जाळ्यात सापडणाऱ्या आकाराच्या रोहूंपुरतेच आहे. दोन पकडींच्या मध्ये सांडवा वाहिला, खुणेचे मासे हाताळताना मेले किंवा ते एकाच कोपऱ्यात राहिले, तर उत्तर चुकते. खुणेचे सातपेक्षा कमी मिळाले तर आकडा जाहीर करू नका. पुन्हा पकडा.

हेक्टरी उत्पादन काढताना कोणते क्षेत्र धरायचे?

ठेक्याच्या कागदावर असते ते तलाव काठोकाठ भरल्यावरचे क्षेत्र. त्याने भागले तर उत्पादन नेहमी कमी दिसते. दर महिन्याचे पाण्याखालचे क्षेत्र काढून वर्षाची सरासरी घ्या आणि दोन्ही आकडे लिहा. तुलनेसाठी : भारतातील लहान, म्हणजे १,००० हेक्टरपर्यंतच्या जलाशयांचे सरासरी उत्पादन १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात हेक्टरी सुमारे ५० किलो धरले होते. नियमित बीज सोडणारे छोटे तलाव याच्या कितीतरी पुढे जातात. त्यामुळे ५० किलो हे उद्दिष्ट मानू नका.

पाण्याचे काय आणि कधी मोजावे?

महिन्यातून एकदा तापमान, सामू आणि पारदर्शकता. उन्हाळ्यात आठवड्याला एकदा विरघळलेला ऑक्सिजन. तो सूर्योदयाआधी मोजायचा. दुपारी मोजलेला ऑक्सिजन नेहमीच चांगला येतो, कारण हिरवे पाणी उन्हात ऑक्सिजन तयार करते. तेच पाणी रात्रभर तो खाते आणि पहाटे तळ गाठते. लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर निश्चिंत राहा. ३ च्या खाली गेला तर मासे वर येऊन तोंडाने हवा घेऊ लागतात. पाणी गरम असेल तर त्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो : २० अंशाला लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसात.

पारदर्शकतेसाठी २० सेंटिमीटर व्यासाची काळी-पांढरी चकती दोरीने सोडा. दिसेनाशी झाली ती खोली आणि वर घेताना पुन्हा दिसली ती खोली, यांची सरासरी घ्या. सकाळी दहा ते दोनच्या मध्ये, सावलीच्या बाजूला. २० सेंटिमीटरच्या आत दिसेनाशी होत असेल तर रंग बघा. तांबूस असेल तर गाळ आहे. हिरवे असेल तर पहाटेच्या ऑक्सिजनची काळजी करा आणि शेण किंवा खत टाकणे त्याच दिवशी थांबवा.

सकाळी तलावावर मेलेले मासे दिसले. पहिल्या तासात काय करायचे?

ऑक्सिजन आणि तापमान लगेच मोजा, ऊन चढू देऊ नका. तीन-चार जागांचे पाणी स्वच्छ बाटल्यांत काठोकाठ भरून बर्फात ठेवा, प्रत्येकीवर जागा आणि वेळ लिहा. कोणत्या जाती आणि कोणते आकार मेले ते मोजा. मोठे मासे आधी मेले, मरळ आणि मागूर जगले, तर ऑक्सिजन संपल्याची शक्यता जास्त, कारण त्या दोघांना हवेतून श्वास घेता येतो. लहान-मोठे सगळे, झिंगे आणि मागूरसुद्धा मेले तर विषारी पदार्थाचा संशय घ्या. बेडूक, साप, पक्षी मेलेले आहेत का बघा आणि मासे कोणालाही खायला किंवा विकायला नेऊ देऊ नका. विष किंवा स्फोटके वापरून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा मानले गेले आहे. पोलीस आणि मत्स्यव्यवसाय विभाग या दोघांना लेखी कळवा. शहरातल्या तलावांत सांडपाणी आणि मूर्ती विसर्जनानंतरचे आठवडे विशेष लक्ष ठेवण्याचे.

लहान मासोळी आणि झिंग्यांची नोंद ठेवायची का? त्यात पैसा नाही.

पैसा कमी दिसतो तो विक्रीवहीत नसल्यामुळे. ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजाच्या, कुटुंबांत रोजच्या जेवणातली मासोळी हीच असते आणि ती बहुधा बायांनी पकडलेली आणि विकलेली असते. तलावाची तब्येतही हीच आधी सांगते. बीज सोडलेला कतला पैसे टाकून पुन्हा आणता येतो. मरळ, शिंगाडा मासा, वाम, सिंघी आणि बारीक देशी मासे तलावातच जन्मतात. काठावरची पाणवनस्पती गेली आणि बेशरमाची झुडपे माजली की त्यांची अंडी घालायची जागा जाते. आठवड्यातून एकदा दहा घरी विचारा : काल काय पकडले, कशाने, किती वाट्या. ‘काल’ विचारा, ‘गेल्या महिन्यात’ नको. विचारणारी बाईच असेल तर उत्तरे अधिक खरी येतात. एका वाटीचे वजन एकदा करून ठेवा.

किती लहान मासा पकडू नये?

समुद्रासाठी महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींचे किमान आकार ठरवले. ते तलावाला लागू नाहीत. बिजावर चालणाऱ्या रोहू-कतल्याचा प्रश्न प्रजननाचा नसून वाढीचा आहे. अर्ध्या किलोचा कतला सहा महिने ठेवला तर किलोच्या पुढे जातो आणि किलोमागे भावही जास्त मिळतो. तिथे संस्थेने आस ठरवावा. स्वतः प्रजनन करणाऱ्या जातींना मात्र निदान एकदा अंडी घालू द्यावी. मरळीची पिले लालसर थव्याने फिरतात आणि आईबाप खाली राखण करतात. त्या जोडीला मारले की सगळा थवा गेला. पहिल्या पावसात ओढ्यात चढणारी पोटुशी मासोळी पकडण्यावर गावानेच बंदी घालावी, कागदी आदेशाची वाट न बघता.

नोंद कोणी ठेवायची आणि तपासायची कोणी?

नोंद ठेवणारा मासेमारी करणाऱ्या घरातलाच हवा. त्याला मोजणीच्या दिवसाची मजुरी द्या. फुकटची नोंद तीन महिने टिकते. तपासणारा मात्र बाहेरचा. सर्वात महत्त्वाची अट : मासोळी विकत घेणारा, बीज पुरवणारा किंवा त्यांचा नातेवाईक मोजणीत नसावा. तपासणाऱ्याने महिन्यातून एकदा न सांगता यावे, त्या दिवशी स्वतः मोजावे आणि दोन्ही वह्या शेजारी ठेवाव्यात. १० टक्क्यांपर्यंत फरक चालतो. प्रत्येक पानाचा त्याच दिवशी फोनवर फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा. महिन्याचे आकडे संस्थेच्या फळ्यावर लागलेच पाहिजेत, सर्वांना वाचता येतील असे.

आकडे बसून भरले आहेत, हे कसे ओळखायचे?

सगळी वजने ५ किंवा ० ने संपतात. शून्याचा एकही दिवस नाही. पूर्ण महिना एकाच पेनाने, एकाच ओळीत लिहिलेला. पावसाच्या, लग्नाच्या, पोळ्याच्या दिवशीही पकड तेवढीच. लांबीत फक्त ३०, ३५, ४०. असे दिसले तर रागावण्याआधी विचारा. बऱ्याचदा तराजू बिघडलेला असतो किंवा मजुरी थकलेली असते.

आकडे हाती आले. पुढे?

निर्णय आकडे येण्याआधी ठरवून ठेवा, सर्वसाधारण सभेत, शांत डोक्याने. उदाहरणार्थ : ‘सारख्या पातळीला, त्याच महिन्याची जाळ्यामागची पकड मागच्या तीन वर्षांच्या सरासरीच्या ६० टक्क्यांखाली गेली तर आठवड्यातून दोन रात्री मासेमारी बंद.’ किंवा ‘पकडीत पाऊण किलोपेक्षा लहान कतला एक-चतुर्थांशाहून जास्त झाला तर ७० चे जाळे पुढच्या पावसाळ्यापर्यंत बंद.’ ६० टक्के हा आकडा पवित्र नाही, तुमच्या तलावाला जमेल तो घ्या. पण आकडे आल्यानंतर चर्चा सुरू केली तर ज्याचे जाळे बंद होणार तो मोजणीच खोटी ठरवतो आणि वर्ष निघून जाते.

खरे आकडे दिले तर ठेक्याची रक्कम वाढेल ना?

ही भीती साधार आहे, ती झटकून टाकू नये. म्हणून आकडे कोणाला, कोणत्या स्वरूपात द्यायचे, हा ठराव संस्थेनेच करावा. व्यक्तीची किंवा डोंग्याची नावे बाहेर जाऊ नयेत, महिन्याची बेरीज जावी. दुसऱ्या बाजूने बघा : तलाव आटला, सांडपाण्याने मासे मेले, निकृष्ट बीज मिळाले, अशा वेळी भरपाई मागायला वहीशिवाय हातात काहीच नसते. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(१)(घ) मध्ये जलाशयातील मासे आणि इतर उत्पादनांवरचा सामूहिक हक्क मान्य आहे. रामटेक-पारशिवनीच्या जंगलालगतच्या गावांना असा दावा करताना जुन्या नोंदी उपयोगी पडतात. पेंच राष्ट्रीय उद्यानातील तोतलाडोह जलाशयात मात्र मासेमारीला मनाई आहे. तिथली पकड या वहीत मिसळू नये.

तांत्रिक मदत कुठे मिळेल?

नागपुरात महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मत्स्य विज्ञान महाविद्यालय तेलंगखेडीला आहे. जात ओळखणे, पाणी तपासणी आणि विद्यार्थ्यांकडून स्वतंत्र तपासणी यासाठी त्यांना संस्थेच्या लेटरहेडवर लिहा. बीज आणि ठेक्याच्या बाबी जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय, यांच्याकडे.

जाळ्यात कासव आले तर नोंद करायची का?

हो. आपल्या तलावांतली मऊ पाठीची कासवे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत, ती ठेवणे किंवा विकणे गुन्हा आहे. जिवंत असेल तर जाळे कापून तिथेच सोडा. वहीत तारीख, जागा, जाळ्याचा आस, खोली आणि जिवंत की मेलेले एवढे लिहा. एकाच कोपऱ्यात तीन-चार वेळा कासव आले तर तिथे रात्रीचे जाळे टाकणे थांबवा. कासव श्वासासाठी वर येते, रात्रभर पाण्याखालच्या जाळ्यात अडकले तर बुडून मरते.